शिंक्यातलं विरजण

बायको गेली तेव्हा तिच्या हातचं जिवंत असं घरात एकच उरलं. वाटीभर विरजण.

बाकीच्या वस्तू आपापल्या जागी पडून राहिल्या. साड्या पेटीत, चष्मा खोक्यात, चपला दारामागे. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. विरजण मात्र रोज दूध मागायचं. नाही दिलं तर दोन दिवसांत आंबटढाण, चार दिवसांत मोरीत.

ते तिनं लग्नात आणलेलं. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. निघताना तिच्या आईनं पितळेच्या डब्यात चार चमचे दही घातलं, वर ओलं फडकं बांधलं आणि पोरीच्या हातात दिलं. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनात गाडीतून उतरलो तेव्हा पेटी, वळकटी, सुरई सगळं माझ्या अंगावर, आणि नवरीच्या हातात तेवढा डबा. मी म्हटलं, "भिलाईत काय दही भेटत नाही?"

"भेटत असंन जी," ती म्हणाली. "हे नाही भेटत."

नवऱ्याशी बोललेलं तिचं ते बहुतेक पहिलंच वाक्य.

त्यानंतर एक्केचाळीस वर्षं तिनं रोज जेवणं आटपली की दूध लावलं, म्हणजे कोमट दुधात विरजण घातलं. आधी पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरात, मी रिटायर झाल्यावर वैशाली नगरातल्या या दोन खोल्यांत. गावी जायचं झालं तरी डबा बरोबर. शेजारी ठेवायला द्यायची नाही. "लोक इसरतात," म्हणायची. मी ड्युटीवरून आलो की आधी रॉकेलनं हात धुवायला लावायची, मग साबणानं, आणि तरी वर म्हणायची, "जेवा आता. पन माह्या दह्याले हात नका लावू, त्याले ग्रीसचा वास लागते." म्हणून मी जन्मात दही लावलं नव्हतं. आयतं खायचं आणि 'आज आंबट आहे' म्हणायचं, एवढंच माझं काम.

तिला दवाखान्यात भरती केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळे उघडून तिनं पहिलं विचारलं, "काल दूध लावलं का?"

मी म्हटलं, "लावलं." खोटं बोललो. मला आठवणही नव्हती. घरी धावत गेलो, दूध तापवलं, करंगळी बुडवून पाहिलं, तिला तसं करताना पाहिलेलं, आणि घातला चमचाभर. सकाळी लागलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, चला, ही बरी होते. तसं काही नसतं. पुढे अठरा दिवस आमचं रोज तेवढंच बोलणं. "लावलं का?" "लावलं." "लागलं का?" "लागलं." कोणी विचारतं, शेवटी काय बोलल्या वहिनी. काय सांगणार.

मी रडलो नाही. पोरीला त्याचा राग होता. एकुलती एक पोरगी, विशाखापट्टणमला नवऱ्याजवळ राहते. तेराव्याला मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "बाबा, तुमाले काही वाटते का नाही?"

मी म्हटलं, "पंगत बसली, वरण वाढ."

हे चुकलंच. पण तेव्हा मला तेवढंच सुचलं.

जावई तेलुगू माणूस. मला मामय्या म्हणतो, त्यांच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. त्याचा धंदा शिडाच्या नावांचा, म्हणजे होड्यांचा. श्रीमंत लोक हौसेनं नावा घेतात. हा त्या दुरुस्त करतो आणि मालक सांगेल त्या बंदरात नेऊन देतो. पोरगी त्याच्यासोबत जाते, दोर ओढते, सुकाणू धरते. हे तिनं तिथं जाऊन शिकलं. भिलाईत पोहायला तिनं फक्त नळाचं पाणी पाहिलेलं.

जानेवारीत त्याला एक नाव पोर्ट ब्लेअरला पोचवायची होती. नावेवर तीन माणसं लागतात. तिसऱ्यानं ऐन वेळी हात मोडून घेतला. पोरगी मला न्यायला आली होती, म्हणाली, "तुमी चला तिसरे."

"मले पोहता नाही येत."

"पट्टा बांधतो ना तुमाले. बाबा, तुमी इकडं एकटे असान तर मी जात नाही. मी नाही गेली तर ह्याचं काम जाते. आता बोला."

मी चौतीस वर्षं प्लांटमध्ये रिगर होतो. जड वजन उचलायच्या आधी त्याला दोर बांधायचे आणि क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे, हे रिगरचं काम. उंचीचं भय नाही, दोराचं भय नाही. पाण्याचं होतं, ते बोललो नाही. दुर्गहून गाडीत बसलो. पिशवीत दोन पँटी, मफलर, माकडटोपी आणि पितळेचा डबा.

विशाखापट्टणमच्या बंदरात नाव पाहिली आणि मला हसू आलं. बत्तीस फूट. आमच्या प्लांटचा ट्रेलर याच्याहून लांब. मधोमध एक खांब, त्यावर शीड. खाली उतरलं की खुराड्यासारखी खोली, तिच्यात तीन झोपायच्या फळ्या, एक शेगडी, एक मोरी. मोठं जहाज पोर्ट ब्लेअरला तीन दिवसांत जातं. जावई म्हणाला आपल्याला आठ लागतील. लागले बारा.

निघायच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा केला. खांबाला चारी बाजूंनी ताणलेल्या वायरी होत्या. हात लावून पाहिलं तर कोरड्या ठणठणीत. आमच्या खात्यात वायर रोप कोरडी दिसली की रिगरच्या हातात मेमो पडायचा. जावई बाजारात गेलेला, त्याच्या पेटीत ग्रीसचा डबा. मी म्हटलं, पोरगं चांगलं आहे, पण शिकवणारा भेटला नाही. दुपारभर बसून सगळ्या वायरी चोपडल्या. खांबाला चढून, हात पुरेल तिथवर वरपर्यंत. जीव लावून केलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हाताला काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी बंदराबाहेर पडल्यावर शीड वर गेलं. पांढरं शुभ्र, मालकानं नवंकोरं घेतलेलं. वाऱ्यानं फुगलं आणि वायरींना घासलं. जावई वर बघत राहिला. मीही बघितलं. जिकडेतिकडे काळे पट्टे, जसे गॅरेजवाल्यानं धुतलेल्या चादरीला हात पुसावेत.

हात पुरला त्या पट्ट्यावरून त्यानं बोट फिरवलं, वास घेतला. मग म्हणाला, "मामय्या, ये स्टेनलेस है. इसको ग्रीस नहीं लगता."

"मले काय माहीत," मी म्हटलं.

पोरगी सुकाणूशी होती. तिनं तोंडाला ओढणी लावली. हसत होती का रडत होती, तिनं कळू दिलं नाही.

डबा तिला त्या संध्याकाळी सापडला. मी दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवत होतो.

"बाबा, हे काय आणलं?"

"विरजण."

"समुद्रावर?"

"मंग काय तुह्या फ्रीजमधी ठेवून येऊ? तुह्या घरी पिशवीचं दही खातात, मी पाहून राहिलो. हे रोज लावा लागते. आठ दिवस कोन लावन?"

तिनं डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला, परत लावलं. माझ्या हातात दिला आणि वर निघून गेली. मला वाटलं चिडली.

पहिल्या दिवशी मी दुधाचा गंज, आमच्याकडे उभ्या पातेल्याला गंज म्हणतात, मोरीत फडक्यानं दाबून ठेवला. सकाळी आत पाणी वेगळं, गोळे वेगळे. दह्याला हलवलेलं चालत नाही, हे मला ऐकून माहीत होतं. बायको गंज एकदा ठेवला की कोणाला त्या ओट्याजवळ पाय आपटू द्यायची नाही. आणि इथे सगळं घरच पाय आपटत होतं. वारा डावीकडून, लाटा डावीकडून, नाव उजवीकडे कललेली. एक लाट आली की घर उचलायचं, क्षणभर थांबायचं, आणि धाडकन खाली. चहाचा कप ठेवायला सपाट जागा नव्हती.

मग डोक्यात आलं, सपाट जागा नाही तर टांगायचं. आमच्या गावी शिंकी होती, दह्यादुधाची, मांजरापासून उंच. आणि वजन टांगणं हे तर माझंच काम. जावयाकडून बारीक दोर घेतला, तीन पदर गंजाखालून घेतले, वर कडीत बांधले. कडी अशी घेतली की गरगर फिरली तरी दोराला पीळ बसू नये. टांगलं खांबाच्या बुंध्याशी, कारण नावेच्या मधोमध झोका सगळ्यात कमी. तरी ते खांबावर आपटू लागलं. तेव्हा दोन्ही बाजूंनी रबराच्या पट्ट्या ढिल्या बांधल्या. प्लांटमध्येही लटकलेल्या वजनाला आम्ही एक मोकळा दोर बांधतो आणि खालून माणूस तो धरून राहतो, वजन फिरू नये म्हणून. ऊब राहायला गंजाला माझी माकडटोपी घातली.

जावई खाली आला, टोपी घातलेलं ते लटकणारं मुंडकं पाहून दचकला. मग खाली बसून पाहत राहिला. नाव कलत होती, शेगडी, फळ्या, आम्ही, सगळं कलत होतं, आणि गंज सरळ.

"मामय्या," तो म्हणाला, "यह तो इंजिनियर भी नहीं करेगा."

"इंजिनियरले दही खाता येते फक्त," मी म्हटलं.

सकाळी लागलं होतं. घट्ट, वर साय. जावयानं भाताला कालवून खाल्लं, बोटं चाटली. तेलुगू माणसाला दहीभात मिळाला की तो जगाला माफ करतो. शिडाचे डागही त्या दिवशी त्यानं मला माफ केले.

पण ग्रीसचं एवढ्यावर भागलं नाही. त्याच दुपारी एका लाटेनं नाव जोरात कलली, पोरीनं आधाराला वायर धरली आणि हात सटकला. पट्टा बांधलेला होता म्हणून पाण्यात गेली नाही. पण गुडघा लोखंडी खुंट्यावर आपटला, टम्म सुजला. तिला खाली फळीवर झोपवलं. खालच्या खोलीत आकाश दिसत नाही, नुसतं घर हलताना दिसतं. तासाभरात तिला बोट लागली. बादली धरली ती सोडेना.

मी वर जाऊन डिझेलचं फडकं घेतलं आणि वायरी पुसायला लागलो. दीड दिवस पुसत होतो, एक हात वायरीला, एक हात फडक्याला, तोंडावर खारं पाणी. जावई म्हणाला राहू द्या. मी राहू दिलं नाही.

मला बोट लागली नाही. त्यात बहादुरी काही नाही. आयुष्य झुलत्या वजनाकडे पाहण्यात गेलं, पोटाला सवय.

चौथ्या दिवशी सुकाणू आपोआप धरणारं यंत्र बंद पडलं. आता हातानं धरणं आलं. माणसं तिघं, त्यातलं एक बादलीला चिकटलेलं. राहिलो मी आणि जावई. तीन तास तो, तीन तास मी. त्यानं मला शिकवलं, पण लाट आली की मी लाटेशी भांडायचो आणि नाव उलटीसुलटी पळायची. मग मला आमचा जुना क्रेनवाला आठवला. लटकलेलं वजन झोका घ्यायला लागलं की नवा माणूस क्रेन उलट ओढतो, आणि झोका वाढतो. तो म्हातारा क्रेन वजनाच्या मागेमागे न्यायचा, झोका आपोआप मरायचा. मी तसं केलं. नाव उठते तर उठू दिली, वळते तर थोडी वळू दिली, मग हळूच परत आणली. जावई डोळे मिटून पडला होता, डोळे न उघडता म्हणाला, "हां, ऐसे."

पाचव्या दिवशी वारा वाढला. कसा वाढला ते मला सांगता येत नाही. ब्लास्ट फर्नेसजवळ उभं राहिल्यावर जसा आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो, तसा. जावयानं शीड आवळून टॉवेलाएवढं केलं. लाटा आमच्या घराच्या छपराएवढ्या, एकीच्या मागे एक, कोणाला घाई नाही. शेगडी पेटवायची सोय राहिली नाही. गॅसचा नळ त्यानं बंद केला आणि बिस्किटं आणि भिजवलेले पोहे सुरू झाले.

म्हणजे दुधाला ऊब नाही. एक दिवस मी गार पाण्यातच पावडर कालवून अर्धं विरजण घातलं. लागलं नाही, नासलं. समुद्रात ओतावं लागलं. डब्यात उरलं एक वाटी. वारा पडेपर्यंत हे सांभाळायचं, बस. फळीवर पडलो की डबा पोटाशी, मफलरमध्ये.

जावयानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मामय्या, हमारे यहाँ मिर्ची का डंठल डालते हैं दूध में. उससे भी दही जमता है."

"जमते," मी म्हटलं. "मिरचीचं जमते."

तो वर सुकाणूकडे निघून गेला. शहाणा आहे.

पोरीचं मात्र उतरेना. गोळी दिली, ती बाहेर. साखरमिठाचं पाणी दिलं, बाहेर. नुसतं पाणी दिलं, तेही बाहेर. आठव्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ गेलो तर ओठ फुटलेले, जीभ पांढरी, डोळे आत गेलेले. हाताची कातडी चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. भट्टीवर उन्हाळ्यात माणसं पडायची, त्यांची अशी व्हायची. मी सरळ विचारलं, "लघवी झाली का?"

"काल," ती म्हणाली.

वर जाऊन जावयाला सांगितलं. त्याच्या तोंडचा रंग गेला. मागे फिरायचं तर वारा उलट, पुढे जायचं तर तीन-चार दिवस. फोन लागत नव्हता. त्याला सुकाणू सोडता येईना. म्हणाला, "कुछ भी करके पानी रुकवाओ मामय्या. कुछ भी."

मी खाली आलो. पोरीनं डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, मठ्ठा हाय का?"

आमच्या घरी ताकाला मठ्ठाच म्हणतात. लहानपणी तिला ताप आला की ती दुसरं काही मागायची नाही. आई मीठ घालून, जिऱ्याची चिमूट टाकून पाजायची.

मी वाटीतलं पाव दही घेतलं, पाणी घातलं, मीठ घातलं, चमच्यानं फेटलं. जिरं नव्हतं. एक एक घोट पाजला. मांडीत तिचं डोकं धरून बसलो आणि बादलीकडे पाहत राहिलो. अर्धा तास गेला. राहिलं पोटात.

"अजून," ती म्हणाली.

पुन्हा पाव. दुपारी पुन्हा. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचो, एवढंच, खाली चमचाभर ठेवायचं. बायको वाढायच्या आधी तो चमचा काढून ठेवायची. पाहुणे येवोत, जावई येवो, तो चमचा आधी. माझ्या आईनं एकदा तेवढ्यासाठी हात पुढे केला तर तिनं म्हटलं होतं, "आत्याबाई, तो उद्याचा हाय."

चार वाजायच्या सुमारास पोरगी चौथ्यांदा म्हणाली, "बाबा, अजून." आवाज बरा होता. डोळ्यांत जरा पाणी दिसत होतं. आणि डब्यात तो एकच चमचा.

मी डबा हातात धरून बसलो. खरं सांगतो, किती वेळ बसलो ते मला सांगायला लाज वाटते. एक मिनिट असेल. पण बसलो. मला दिसत होतं, हा चमचा गेला की घरात आता तिचं काही चालू राहिलं नाही. पेटी, चष्मा, चपला. संपलं.

मग पोरगी कुशीवर वळली आणि तिची आई वळायची तशीच वळली, आधी खांदा, मग सगळी. मी चमचा ग्लासात घातला.

तिनं पिऊन टाकलं आणि ग्लास माझ्या हातात दिला. मी डबा उचलला, दोरीची बादली घेतली, पाणी काढून धुवायला. पितळ आहे, तसंच ठेवलं तर हिरवं होतं. रिकामं भांडं धुवायचं, ही माझी लग्नाआधीची, मेसमधली सवय.

"बाबा, धुऊ नका," ती म्हणाली.

"संपलं ते."

"मले माहीत हाय. धुऊ नका." मग थांबत थांबत सांगितलं. "मी तिसरीत होती. तुमी सेकंड शिफ्टले गेले होते. मी चोरून दही खाल्लं. सारं खाल्लं. डबाही बोटानं पुसून खाल्ला. आईनं पाह्यलं. मले वाटलं आता मारन. तर ती डबा घेऊन बसली, मुकी, तुमी आता बसले होते तशीच. मंग तिनं त्या खरकट्या डब्यातच कोमट दूध ओतलं. म्हणे, तुह्या बाबाले सांगजो नको."

"लागलं?"

"दोन दिवस पातळ लागलं. तुमी म्हटलं, आज दही पानचट हाय."

मी असं किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. एक्केचाळीस वर्षं मी समजत होतो, की हे कधी तुटलं नाही. तुटलं होतं. तिनं जोडलं आणि मला कळू दिलं नाही, आणि मी वर तोंड करून पानचट म्हटलं. मला हसू आलं. हसता हसता ते दुसरंच काही व्हायला लागलं, आणि मी बादली खाली ठेवून, फळीला डोकं टेकून रडलो. इतक्या जोरात, की वरून जावई ओरडला, "क्या हुआ?" त्याला वाटलं पोरगी गेली.

"काही नाही," पोरगी म्हणाली. "बाबा रडून राहिले." आणि माझ्या टकलावर हात ठेवला.

खरकटा डबा मी झाकण लावून, मफलरमध्ये गुंडाळून दीड दिवस सांभाळला. रिकामा डबा सांभाळायला भरलेल्याहून कठीण. खारं पाणी एक थेंब गेलं तर गेलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी वारा ढिला पडला, दहाव्याला शेगडी पेटली. पोरगी लंगडत उठून बसली होती, भाताची पेज पीत होती. दूध मी कालवलं, करंगळी तिनं बुडवली. "अजून थोडं थंडं होऊ द्या," म्हणाली. डब्यात ओतलं, कडेला सुकलेलं सगळं चमच्यानं खरवडून आत घेतलं. शिंक्यात टांगलं, टोपी घातली.

सकाळी तिघंही खांबाभोवती. टोपी मी काढली. पातळ होतं, बोट घातलं तर तार आली. पण दूध नव्हतं.

"जमा?" जावयानं विचारलं.

मी चाखलं. आंबट कमी. पाण्यासारखं. म्हटलं, "पानचट हाय."

ते आम्ही खाल्लं नाही. त्यातलंच घेऊन पुन्हा लावलं. बाराव्या दिवशी पोर्ट ब्लेअरचा डोंगर दिसला तेव्हा शिंक्यात घट्ट दही होतं. बंदरात दोर बांधून झाल्यावर जावयानं भात शिजवला. वाढताना न सांगता त्यानं आधी एक चमचा काढून वेगळ्या वाटीत ठेवला. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

नावेच्या मालकानं शिडाच्या डागांचं विचारलं. जावई म्हणाला, माझ्या सासऱ्यानं केलं, पण या वायरी आता पन्नास वर्षं गंजायच्या नाहीत. मालक शहरातला माणूस, त्यानं मान हलवली.

मी परत वैशाली नगरात आलो. पोरगी म्हणत होती तिकडेच राहा. मी म्हटलं, बघू. अर्धं विरजण तिच्याकडे ठेवलं, पिशवीचं दही बंद करायला लावलं. इथं ओट्याच्या वर छताला पंख्याची जुनी कडी आहे, तिला तेच शिंकं बांधलं आहे, गंजाला टोपीही तीच. शेजारची बाई एकदा म्हणाली, "भाऊजी, घर काय हलते का तुमचं?" मी म्हटलं, "नाही, पन सवय झाली त्याले."

रोज सकाळी साडेसातला फोन येतो. पोरीचा आवाज, मागे तिच्या कुकरची शिट्टी.

"बाबा, लावलं होतं का काल?"

"लावलं होतं."

"लागलं का?"

"थांब," मी म्हणतो, "पाहून सांगतो." आणि फोन ओट्यावर ठेवून टोपी काढायला जातो.